पीजीवाय-२ अँब्युलेटरी केअर रेसिडेन्सी: काय करायचं, कधी करायचं आणि कुठे चुकतं

अमेरिकेत पीजीवाय-१ रेसिडेन्सी (पदवीनंतरचं पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण) करणारे बरेच मराठी फार्मासिस्ट नोव्हेंबर उजाडला की विचारायला लागतात, "ॲम्ब केअरची पीजीवाय-२ करायची आहे, लेटर कसं लिहू?" ॲम्ब केअर म्हणजे अँब्युलेटरी केअर, घरी राहून ओपीडीत येणाऱ्या रुग्णांची सेवा, आणि लेटर म्हणजे अर्जासोबतचं लेटर ऑफ इंटेंट. लेटरमध्ये जे लिहायचं ते जुलै ते ऑक्टोबरमध्ये करून झालेलं असावं लागतं. व्हिसाचा प्रश्न त्याहूनही आधी सुटलेला असावा लागतो. गुणवत्ता असूनही बरेच अर्ज फसतात ते क्रम चुकल्यामुळे, म्हणून हा लेख क्रमानेच लिहिला आहे.

दुसरी मोठी चूक समजुतीची आहे. "आयसीयू नको, ताण कमी हवा, म्हणून ओपीडी" असं मनात धरून येणारे मुलाखतीत लगेच ओळखू येतात. इथे फार्मासिस्ट स्वतःच्या नावावर रुग्ण घेतो, डोस बदलतो, लॅब मागवतो, आणि रुग्ण घरी जातो. नर्स नाही, मॉनिटर नाही. निर्णय बरोबर होता की नाही हे दोन आठवड्यांनी कळतं, तेही तुम्ही फोन केलात तर. त्यामुळे अर्ज, मुलाखत आणि प्रत्यक्ष वर्ष या तिन्ही ठिकाणी तुम्हाला एकच गोष्ट दाखवायची असते: तुमच्या निर्णयानंतर रुग्णाचं पुढे काय झालं, याचा तुम्ही माग ठेवता.

## टप्पा १: पात्रता आणि व्हिसा (पीजीवाय-१ सुरू होण्याआधी)

पीजीवाय-२ हे पीजीवाय-१ नंतरचं बारा महिन्यांचं विशेष प्रशिक्षण आहे. त्याला मान्यता देते एएसएचपी ही अमेरिकेतल्या फार्मासिस्टांची संस्था. पीजीवाय-१ सुद्धा एएसएचपीच्या मान्यता प्रक्रियेतलीच हवी. दवाखान्याने स्वतःच सुरू केलेली "फेलोशिप" किंवा "क्लिनिकल ट्रेनिंग" चालत नाही.

शिक्षण महाराष्ट्रात झालं असेल तर आधी एफपीजीईसी, म्हणजे परदेशी फार्मसी पदवीधरांसाठीचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. ते एनएबीपी ही राज्यांच्या फार्मसी बोर्डांची संघटना देते. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांसाठी किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम ही अट आहे. त्यामुळे नुसता चार वर्षांचा बी.फार्म. त्यात बसत नाही. २००८ पासून आपल्याकडे सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. बसतो. क्रम साधारण असा: कागदपत्रांची छाननी, एफपीजीईई परीक्षा, टोफेल, प्रमाणपत्र, मग राज्याच्या बोर्डाकडून इंटर्न परवाना, इंटर्नचे तास (अनेक राज्यांत १,५०० च्या आसपास), नॅप्लेक्स (परवान्याची राष्ट्रीय परीक्षा) आणि त्या राज्याची कायद्याची परीक्षा. टोफेलमध्ये आपली मुलं बहुधा स्पीकिंगला अडकतात. त्याची तयारी शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.

आता व्हिसा. अमेरिकेत फार्म.डी. करून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करण्याची परवानगी, साधारण बारा महिन्यांची मिळते. ती पीजीवाय-१ मध्येच संपते आणि पीजीवाय-२ साठी वेगळा मार्ग लागतो. पीजीवाय-१ मिळाल्याच्या आनंदात हा हिशोब मागे पडतो आणि फेब्रुवारीत धावपळ सुरू होते.

- विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयं एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेबाहेर असू शकतात, म्हणजे त्यांच्याकडे लॉटरीची वाट पाहावी लागत नाही.
- बरेच प्रोग्रॅम रेसिडेंटला व्हिसासाठी प्रायोजकत्व देतच नाहीत. हे त्यांच्या पानावर एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ सगळ्यात आधी शोधा.
- व्हीए, म्हणजे माजी सैनिकांची रुग्णालयं, अँब्युलेटरी केअरसाठी उत्तम समजली जातात, पण तिथे साधारणपणे अमेरिकी नागरिकत्व लागतं.

इशारा: सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी च्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. तुमच्या परिस्थितीत ते लागू होतं का, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, आणि प्रोग्रॅमला अर्ज करण्याआधी लेखी ईमेल करा.

तपासा: "मला जुलैमध्ये काम सुरू करण्याचा कायदेशीर हक्क कशाच्या आधारावर असेल?" याचं उत्तर एका वाक्यात लिहिता आलं, तरच पुढचा टप्पा.

## टप्पा २: पुरावा गोळा करणं (जुलै ते ऑक्टोबर)

पीजीवाय-१ मधल्या रोटेशन्सचा (वेगवेगळ्या विभागांतल्या पाळ्यांचा) क्रम बहुतेक ठिकाणी पहिल्या महिन्यातच ठरतो. अँब्युलेटरी केअरचं रोटेशन फेब्रुवारीत आलं तर अर्जात लिहायला काहीच उरत नाही. म्हणून ओरिएंटेशनच्या आठवड्यातच प्रोग्रॅम डायरेक्टरला सांगा: "मला पीजीवाय-२ ॲम्ब केअर करायची आहे, हे रोटेशन ऑक्टोबरच्या आत मिळेल का?" बहुतेक डायरेक्टर मदत करतात. त्यांना कोणी सांगत नाही, एवढीच अडचण असते. आपल्याकडे वरिष्ठांकडे स्वतःहून काही मागणं उद्धटपणाचं वाटतं. इथे तसं नाही, ते अपेक्षितच असतं.

रोटेशन मिळणं जमलंच नाही तर आतल्या वॉर्डातही ओपीडीचं काम सापडतं. डिस्चार्जच्या वेळचं समुपदेशन, डिस्चार्जनंतरचे फोन, ॲन्टिकोॲग्युलेशन (रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या) क्लिनिकमधला आठवड्याचा अर्धा दिवस, तंबाखू सोडवण्याचा वर्ग.

या काळात एक वही किंवा फाईल ठेवा. रुग्णाचं नाव, जन्मतारीख, रेकॉर्ड नंबर, काहीही ओळखता येईल असं त्यात नको. रुग्णाच्या गोपनीयतेचा हिपा कायदा इथे कडक आहे आणि चूक नोकरीवर बेतते. प्रत्येक लक्षात राहिलेल्या केससाठी चार ओळी पुरतात: समस्या काय होती, मी काय सुचवलं, ते स्वीकारलं गेलं का, आणि नंतर काय झालं. चौथी ओळ बहुतेकांच्या वहीत रिकामी असते. ती भरण्यासाठी दोन आठवड्यांनी चार्ट पुन्हा उघडावा लागतो. रुग्ण अजून तुमच्या किंवा तुमच्या टीमच्या देखरेखीत असेल तरच उघडा. नसेल तर प्रिसेप्टरला, म्हणजे तुम्हाला शिकवणाऱ्या फार्मासिस्टला विचारा.

ऑक्टोबरच्या शेवटी या वहीत दहा-बारा अशा नोंदी असाव्यात ज्यांची चौथी ओळ भरलेली आहे. लेटर आणि मुलाखत दोन्ही त्यातूनच निघतात.

## टप्पा ३: प्रोग्रॅम निवडणं (सप्टेंबर ते नोव्हेंबर)

एएसएचपीच्या ऑनलाइन डिरेक्टरीत प्रोग्रॅम शोधता येतात. यादी लांब असते. नाव मोठं म्हणून निवडू नका. एकाच नावाखाली चालणारं काम ठिकाणागणिक फार वेगळं असतं:

- विद्यापीठाची आरोग्य यंत्रणा: विशेषज्ञ क्लिनिक्स भरपूर, हृदयविकार, मूत्रपिंड, प्रत्यारोपण इत्यादी. कधी कधी तुमचा स्वतःचा रुग्ण कमी आणि निरीक्षण जास्त.
- सरकारी अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं: विमा नसलेले, इंग्रजी न येणारे रुग्ण, ३४०बी या सरकारी योजनेतली सवलतीची औषधं. इथे दुभाषी लावून समुपदेशन करायला शिकायला मिळतं आणि औषधाची किंमत हा रोजचा प्रश्न असतो. मराठी किंवा हिंदीभाषक रुग्ण असलेल्या भागात तुमची भाषा खरोखर कामी येते.
- फार्मसी कॉलेजशी जोडलेले प्रोग्रॅम: शिकवण्याचं काम बरंच. प्राध्यापक व्हायचं असेल तर चांगलं.
- मोठ्या एकात्मिक आरोग्य संस्था: रुग्णांची संख्या प्रचंड, फोन आणि व्हिडिओ भेटी जास्त, ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलवर काम.

कुठलाही प्रकार इतरांपेक्षा वरचा नाही. पण सध्याच्या रेसिडेंटला चार प्रश्न विचारल्याशिवाय अर्ज करू नका, असं मी ठामपणे सांगेन:

१. जानेवारीनंतर आठवड्यातून किती अर्धे दिवस तू स्वतःचे रुग्ण पाहतोस, आणि खोलीत तुझ्यासोबत कोण असतं?

२. कोलॅबरेटिव्ह प्रॅक्टिस ॲग्रीमेंटखाली (फार्मासिस्टला उपचार बदलण्याचा अधिकार देणारा डॉक्टरांसोबतचा करार) तू नवीन औषध सुरू करू शकतोस का, की फक्त डोस बदलू शकतोस? लॅब मागवू शकतोस का?

३. तोच रुग्ण तुला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दिसतो का?

४. स्टाफिंग, म्हणजे औषध वाटपाच्या ड्युट्या, महिन्यातून किती?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "क्वचित" असेल तर तो प्रोग्रॅम कागदावर कितीही सुंदर असला तरी यादीतून काढा. महिन्यामहिन्याच्या ब्लॉक रोटेशनमध्ये इन्सुलिनचा परिणाम दिसण्याआधी रेसिडेंट दुसऱ्या क्लिनिकला गेलेला असतो. निदान काही क्लिनिक्स वर्षभर चालणारी, लाँजिट्युडिनल हवीत.

## टप्पा ४: अर्ली कमिटमेंट, घ्यायची की नाही

तुमच्याच संस्थेत पीजीवाय-२ असेल तर मॅच, म्हणजे दोन्हीकडच्या पसंतीयाद्या जुळवून जागा देणारी प्रक्रिया, होण्याआधीच ती जागा पक्की करण्याची सोय आहे. तिला अर्ली कमिटमेंट म्हणतात. मुदत साधारण डिसेंबरात असते. करार दोन्ही बाजूंनी सही करून शुल्कासह मॅच चालवणाऱ्या एनएमएसकडे पोचला की तुम्ही मॅचमधून बाहेर.

इथे दोन प्रकारे चुकतं. एक, घाबरून घेतली जाते: "बाहेर मिळेल की नाही?" मग वर्षभर तेच प्रिसेप्टर, तीच पद्धत, आणि शिकण्याची धार बोथट. दोन, मागायलाच उशीर होतो. अंतर्गत मुलाखती काही ठिकाणी ऑक्टोबरातच होऊन जातात.

घ्यायची की नाही याची कसोटी टप्पा ३ मधलेच चार प्रश्न आहेत. फक्त या वेळी ते स्वतःच्या संस्थेला लावा, आणि तितक्याच कठोरपणे. व्हिसाची अडचण असेल आणि सध्याची संस्था प्रायोजकत्व देत असेल, तर मात्र अर्ली कमिटमेंटला माझ्या मते झुकतं माप द्यावं.

## टप्पा ५: अर्ज (नोव्हेंबर ते जानेवारी)

दोन वेगळ्या ठिकाणी नोंदणी लागते आणि दरवर्षी कोणीतरी एक विसरतं.

- फोर्कास: अर्जाची कागदपत्रं इथून जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतं.
- एनएमएस: मॅचची नोंदणी इथे होते. इथे नोंदणी नसेल तर उत्तम मुलाखत देऊनही जागा मिळत नाही.

ट्रान्स्क्रिप्ट कॉलेजकडून थेट जाते, त्याला आठवडे लागतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागवा. प्रत्येक प्रोग्रॅमची अंतिम तारीख वेगळी असते, डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. ख्रिसमसच्या सुट्टीत कॉलेजचं कार्यालय बंद असतं, हे लक्षात ठेवा.

### शिफारसपत्रं

बहुतेक प्रोग्रॅम तीन मागतात. फोर्कासमध्ये ठरलेला फॉर्म असतो: संवाद, वेळेचं नियोजन, टीका स्वीकारणं, स्वतंत्रपणे काम करणं अशा गुणांवर मत आणि खाली उदाहरणं. म्हणून विभागप्रमुखाच्या मोठ्या सहीपेक्षा ज्याने तुम्हाला रुग्णासमोर बसलेलं पाहिलंय, त्याचा फॉर्म कितीतरी मोलाचा. पीजीवाय-१ चे डायरेक्टर, अँब्युलेटरी रोटेशनचा प्रिसेप्टर, आणि तिसरा तुमच्या प्रकल्पाचा मार्गदर्शक, अशी जोडणी बहुतेकांना जमते.

ऑक्टोबरात भेटून विचारा. विचारताना "माझ्याबद्दल ठोस उदाहरणांसह लिहू शकाल का?" असंच विचारा. समोरचा घुटमळला तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. होकार मिळाला की सीव्ही, प्रोग्रॅमची यादी, तारखा आणि वहीतल्या त्यांच्यासोबतच्या तीन नोंदी त्यांना एकाच ईमेलमध्ये द्या.

### लेटर ऑफ इंटेंट

एका पानात संपवा. लेटर अर्थातच इंग्रजीत जातं, पण चूक भाषेपेक्षा मजकुरात असते. नेहमी येणारा परिच्छेद असा:

> मला रुग्णसेवेची मनापासून आवड आहे. अँब्युलेटरी केअरमध्ये रुग्णांशी दीर्घकाळ नातं जुळतं. आपल्या नामांकित संस्थेत शिकायला मिळालं तर मी एक उत्तम क्लिनिशियन बनू शकेन.

यातलं एकही वाक्य दुसऱ्या अर्जदाराच्या लेटरमध्ये बसणार नाही असं नाही. आता दुसरा नमुना:

> एट्रियल फिब्रिलेशनसाठी ॲपिक्सॅबॅन सुरू करून घरी पाठवलेल्या रुग्णाला मी पाचव्या दिवशी फोन केला. कोपे (विमा वगळून स्वतः भरायची रक्कम) परवडत नाही म्हणून त्याने औषध फार्मसीतून उचललंच नव्हतं. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून क्लिनिकमधून सॅम्पल मिळवलं आणि कंपनीच्या सहाय्य योजनेचा अर्ज भरला. त्यानंतर डिस्चार्जआधी कोपे तपासण्याची पायरी आमच्या वॉर्डाच्या यादीत घातली. आपल्या केंद्रात रेसिडेंट औषधांच्या उपलब्धतेवर काम करतात, ते मला याच कारणासाठी शिकायचं आहे.

इथे काम दिसतं, त्याचा परिणाम दिसतो, आणि "आपल्याकडेच का" याला उत्तरही मिळतं. शेवटचं वाक्य प्रत्येक प्रोग्रॅमसाठी बदलायचं.

तपासा: पाठवण्याआधी फाईलमध्ये इतर प्रोग्रॅमचं नाव राहिलं नाही ना, हे शोध-सुविधेने तपासा. ही चूक दिसली की वाचणारा पुढे वाचत नाही.

सीव्हीबद्दल थोडंच. पोस्टर, वर्गातलं प्रेझेंटेशन आणि जर्नल क्लब वेगवेगळ्या शीर्षकांखाली ठेवा. भारतातली इंटर्नशिप लिहिताना रुग्णालयात तुम्ही नेमकं काय केलंत ते एका ओळीत लिहा, कारण तिथल्या वॉर्ड राउंडचं स्वरूप इथल्या वाचणाऱ्याला माहीत नसतं. मार्कांची टक्केवारी, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती काढून टाका.

## टप्पा ६: मिडइयर (डिसेंबर)

एएसएचपीची मिडइयर क्लिनिकल मीटिंग डिसेंबरच्या सुरुवातीला भरते. तिथल्या रेसिडेन्सी शोकेसमध्ये प्रोग्रॅम्स टेबल मांडून बसतात. जाणं सक्तीचं नाही, आणि खर्च मोठा आहे. न जाताही मॅच होतो. गेलात तर आधी ठरवलेल्या निवडक टेबलांवर जा, सध्याच्या रेसिडेंटशी बोला, संध्याकाळी नोंदी लिहून काढा. सगळ्या हॉलला फेरी मारून माहितीपत्रकांची पिशवी भरण्यात काही अर्थ नाही.

## टप्पा ७: मुलाखत (जानेवारी, फेब्रुवारी)

दिवसभराचा कार्यक्रम असतो: डायरेक्टर, प्रिसेप्टर, रेसिडेंट, बहुतेक ठिकाणी एक प्रेझेंटेशन आणि एक केस. वागणुकीवरच्या प्रश्नांची उत्तरं वहीतून देता येतात. केसमध्ये मात्र हुशार मुलंही घसरतात, म्हणून एक केस जवळून पाहू.

रुग्ण ५८ वर्षांचा, वजन ८० किलो, टाइप-२ मधुमेह. मेटफॉर्मिन १,००० मिग्रॅ. दिवसातून दोनदा, ग्लार्जिन (दिवसभर टिकणारं बेसल इन्सुलिन) रात्री ४० युनिट. ए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेचं माप) ९.२. उपाशीपोटी साखर ११० ते १२०. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) ५२. "तुम्ही काय कराल?"

घाईचं उत्तर: ए१सी जास्त आहे, ग्लार्जिन ४४ करू. चूक. उपाशीपोटीची साखर ठीकच आहे. बेसल इन्सुलिन किलोमागे ०.५ युनिटपर्यंत पोचलं आहे. ते आणखी वाढवून ए१सी उतरणार नाही, पहाटे साखर कमी होण्याचा धोका मात्र वाढेल.

चांगलं उत्तर प्रश्नांनी सुरू होतं. जेवणानंतरचे आकडे आहेत का? डोस चुकतात का, इन्सुलिन कुठे टोचतो, फ्रिजबाहेर किती दिवस राहतं? रात्री घाम, थरथर? हृदयविकार, मूत्रात अल्ब्युमिन? मग निर्णय: जेवणानंतरची साखर वर असेल तर जीएलपी-१ वर्गातलं औषध, उदाहरणार्थ सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिग्रॅ.पासून. त्याआधी मेड्युलरी थायरॉइड कॅन्सरचा वैयक्तिक किंवा घरातला इतिहास, स्वादुपिंडदाह आणि रेटिनोपथी विचारायची. विम्याची पूर्वपरवानगी लागेल का ते पाहायचं. मेटफॉर्मिन या ईजीएफआरला चालू ठेवता येतं. आणि शेवटी: दोन आठवड्यांनी फोन, मळमळ आणि साखरेचे आकडे विचारायला. तीन महिन्यांनी ए१सी.

फोनची तारीख स्वतःहून सांगणारा उमेदवार विरळा. ती सांगा. मार्गदर्शक तत्त्वांची पाठ केलेली यादी म्हणून दाखवण्यापेक्षा या एका वाक्याने जास्त काम होतं.

माहीत नसेल तर "मला हे तपासावं लागेल, मी अमुक ठिकाणी पाहीन" म्हणा. अंदाजाने डोस सांगणं हे नापास होण्याचं सर्वात खात्रीचं कारण आहे.

## टप्पा ८: रँक यादी (मार्चची सुरुवात)

यादी खऱ्या पसंतीने लावा. "त्यांनी मला वर ठेवलं असेल का" हा विचार डोक्यातून काढा. मॅचची गणिती पद्धत तुमच्या पहिल्या पसंतीपासून सुरू करते. तिथे जागा मिळाली नाही तर दुसरीकडे जाते, आणि पहिल्या ठिकाणी अवघड प्रोग्रॅम टाकला म्हणून दुसरीकडची संधी कमी होत नाही. जिथे जायचंच नाही तो प्रोग्रॅम मात्र यादीत टाकू नका, कारण निकाल बंधनकारक असतो. तुम्ही त्यांना कितव्या क्रमांकावर ठेवलंत हे विचारायची प्रोग्रॅमला परवानगी नाही. कोणी विचारलंच तर नम्रपणे विषय बदला.

तपासा: यादी सेव्ह करणं आणि प्रमाणित करणं या दोन वेगळ्या कृती आहेत. प्रमाणित केल्याचा पुष्टी-ईमेल आला का ते पाहा.

मार्चच्या मध्यात निकाल लागतो. जागा मिळाली नाही तर दुसरी फेरी असते. रिकाम्या जागांची यादी येते, नव्याने अर्ज, झटपट मुलाखती, एप्रिलमध्ये निकाल. दुसऱ्या फेरीचं लेटर आधीच तयार ठेवा, कारण वेळ दिवसांत मोजायची असते. तिथेही जमलं नाही तर क्लिनिकमधली नोकरी घेऊन अनुभवाच्या जोरावर बीसीएसीपी या अँब्युलेटरी केअरच्या बोर्ड परीक्षेला बसण्याचा मार्ग उघडा आहे. पीजीवाय-२ हा एकच दरवाजा नाही.

## टप्पा ९: एप्रिल ते जून

हा काळ वाया जातो आणि जुलैत पस्तावायला लावतो. राज्य बदलणार असेल तर परवाना हस्तांतरण लगेच सुरू करा, नव्या राज्याची कायद्याची परीक्षा द्या. एएसएचपीच्या सध्याच्या मानकांप्रमाणे रेसिडेन्सी सुरू झाल्यापासून १२० दिवसांच्या आत परवाना हवा. पण परवाना नाही तोवर कोलॅबरेटिव्ह प्रॅक्टिस ॲग्रीमेंटखाली स्वतंत्र काम करता येत नाही, म्हणजे तुमचे पहिले महिने नुसत्या निरीक्षणात जातात. १२० हा आकडा शेवटची हद्द समजा.

पीजीवाय-१ चं प्रमाणपत्र हातात असणं ही अट आहे. प्रकल्पाचा लेखी अहवाल अर्धवट राहिला म्हणून प्रमाणपत्र अडकतं, आणि मग पीजीवाय-२ ची सुरुवातही. मे अखेर अहवाल संपवा. क्रेडेन्शियलिंगचे (पात्रता पडताळणीचे) फॉर्म, लसीकरणाच्या नोंदी, बीएलएस (जीवरक्षणाचं प्रमाणपत्र), एनपीआय (आरोग्यसेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख) क्रमांक, हे आले की त्याच आठवड्यात पाठवा.

## टप्पा १०: पहिली तिमाही आणि पुढे

प्रिसेप्टर आधी करून दाखवतो, मग शेजारी बसून सुधारतो, मग बाहेर थांबतो. हा प्रवास लवकर व्हावा असं वाटत असेल तर प्रत्येक भेटीआधी आदल्या संध्याकाळी चार्ट वाचून एक वाक्याची योजना प्रिसेप्टरला सांगा. "उद्या रक्तदाब १५० च्या वर असेल तर ॲम्लोडिपिन ५ वरून १० करेन, पायाला सूज असेल तर नाही." योजना आधी सांगणाऱ्या रेसिडेंटला खोलीत एकटं सोडायला प्रिसेप्टर कचरत नाही.

वॉरफरिन क्लिनिकमध्ये घाईची सवय सर्वात लवकर लागते. लक्ष्य आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) २ ते ३, महिनोन्महिने स्थिर असलेल्या रुग्णाचा आज ३.४. नवा रेसिडेंट लगेच डोस कमी करतो. स्थिर रुग्णात एकदाच, ०.५ पर्यंत इकडेतिकडे झालं असेल आणि रक्तस्राव नसेल तर डोस तसाच ठेवून एक-दोन आठवड्यांत पुन्हा तपासणं योग्य. पण त्याआधी विचारायचं: नवीन अँटिबायोटिक? जेवण कमी झालंय? जुलाब? सल्फामेथॉक्साझोल-ट्रायमेथोप्रिम हे वॉरफरिनचा परिणाम वाढवणारं अँटिबायोटिक सुरू झालं असेल तर तोच ३.४ पूर्णपणे वेगळा अर्थ सांगतो आणि आठवडाभर थांबणं धोक्याचं ठरतं.

प्रकल्पाचा प्रश्न ऑगस्टमध्ये ठरवा आणि लहान ठेवा. आयआरबीची (संशोधन नैतिकता समितीची) मंजुरी शरद ऋतूत मिळाली नाही तर वसंतातल्या प्रादेशिक रेसिडेन्सी परिषदेत दाखवायला आकडे नसतात. मूल्यमापन फार्मॲकॅडेमिक या ऑनलाइन प्रणालीवर होतं. "सुधारणा हवी" असा शेरा आला की खचून जाऊ नका, पण त्यावर लेखी योजना त्याच आठवड्यात मागा. शेरा तिमाहीभर तसाच राहिला तर तो पुढच्या मूल्यमापनातही येतो. कामाचे तास चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० च्या आत हवेत, बाहेर केलेली जादा ड्युटीही त्यात धरली जाते. ५२ आठवड्यांच्या प्रशिक्षणात रजा आणि इतर गैरहजेरी मिळून ३७ दिवसांपेक्षा जास्त झाली तर मुदत वाढवावी लागते. भारतात लग्नाला तीन आठवडे जायचं असेल तर हा हिशोब तिकीट काढण्याआधी डायरेक्टरसोबत करा.

मे महिन्यात हस्तांतरणाची यादी सुरू करा: तुमच्या नावावरचा प्रत्येक रुग्ण, शेवटचा बदल, पुढच्या लॅबची तारीख, आणि कोण फोन करणार. जमेल तिथे शेवटची भेट पुढच्या फार्मासिस्टला सोबत घेऊन करा. ज्यांच्या इन्सुलिनचा किंवा वॉरफरिनचा डोस जूनमध्ये बदलला आहे त्यांची नावं यादीत सर्वात वर ठेवा, कारण जुलैच्या पहिल्या आठवड्यात नेमके तेच फोन सुटतात.